मधला रस्ता

आटपाट नगर होतं, पण ते सलग नव्हतं. दादरा म्हणजे तीन गावांचा एक तुकडा वापीच्या बाजूला, नगर हवेलीची ६९ गावं सिल्वासाच्या बाजूला, आणि दोहोंच्या मधे गुजरातची चिंचोळी पट्टी, लवाछा गावाची. दादऱ्याचा माणूस सिल्वासाला कामावर निघाला की आपल्या प्रदेशातून बाहेर पडतो, दुसऱ्या राज्यातून जातो आणि परत आपल्या प्रदेशात शिरतो. बाहेरून आलेल्याला याची गंमत वाटते. तिथल्या माणसाला वाटत नाही, कारण त्याला ते रोज करायचं असतं.

मुनीमजी हे रोज करणाऱ्यांपैकी एक. राहायला दादऱ्याला, नोकरी मसाटच्या औद्योगिक वसाहतीत. गुजरातेत दारूबंदी आणि सिल्वासात दारूची दुकानं उघडी, त्यामुळे पट्टीवर पोलीस गाडी कधी थांबवतील याचा नेम नसतो. थर्टीफर्स्टच्या आठवड्यात तर थांबवतातच. मुनीमजींनी जन्मात बाटलीला हात लावला नव्हता. तरी हवालदार दिसला की त्याने हात करायच्या आत ते स्कूटर बाजूला घेत आणि डिकी उघडून दाखवत. आत जेवणाचा डबा आणि छत्री. "माझ्या डिकीत काय आहे ते मला ठाऊक. त्याला कुठे ठाऊक आहे?" असं त्यांचं म्हणणं.

कारखाना लहान होता. पॉलिस्टरचा धागा ज्यावर गुंडाळतात त्या पुठ्ठ्याच्या नळ्या तिथे व्हायच्या. आसपास धाग्याचे कारखाने भरपूर, त्यामुळे नळ्यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नसे. नळ्यांचे पैसे मात्र शोधावे लागत. मालक खानदेशातले, करसवलतींच्या दिवसांत इकडे आलेले. सगळे त्यांना दादा म्हणत. मुनीमजीसुद्धा, वयाने चांगले मोठे असून. केबिनच्या कोपऱ्यात एक काळा जाडजूड डबा गुरगुरत असायचा, तो सर्व्हर. टॅली त्यात, दरपत्रकं त्यात, कोणाकडून किती येणं आहे आणि तो किती दिवस टोलवतोय हेही त्यातच.

दादांच्या आईला नाशिकला डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. दादा अर्धा आठवडा नाशिकला राहू लागले आणि कारखाना फोनवर चालू लागला. "मुनीमजी, अमक्याचं किती येणं?" "थांबा, बघून सांगतो." दिवसभर हेच. शेवटी दादांनी वापीच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानातल्या पोराला बोलावलं आणि सांगितलं, नाशिकला बसून मला सिल्वासाचा पडदा दिसला पाहिजे.

पोरगा हुशार होता, पण घाईत होता. ब्रॉडबँड कंपन्या बहुतेक वेळा बऱ्याच गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. मग आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत यायला वाटच नसते. पोराने दरमहा थोडे जादा पैसे भरायला लावून कारखान्यापुरता स्वतंत्र पत्ता, म्हणजे स्टॅटिक आयपी, घेतला. मग राउटरमध्ये एक ओळ लिहिली: बाहेरून ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर जो येईल त्याला थेट सर्व्हरकडे पाठव. ३३८९ हा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला क्रमांक. पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३. पुढ्यातला चहा गार व्हायच्या आत काम झालं. शेजारच्या गाळ्यातल्या शेठनी ते पाहिलं आणि त्याच पोराकडून तसंच करून घेतलं. पासवर्डसुद्धा त्याच वळणाचा.

दादांची तक्रार एकच होती. मुनीमजी संध्याकाळी निघताना केबिनचा मेन स्विच पाडून जात. वर्षानुवर्षांची सवय. मग रात्री नाशिकहून सर्व्हर सापडायचा नाही. दादा चिडायचे, मुनीमजी दोन दिवस लक्षात ठेवायचे, तिसऱ्या दिवशी बोटं आपोआप स्विचकडे जायची.

दिवाळीत अख्खी वसाहत बंद झाली. मुनीमजींनी लक्ष्मीपूजन आटोपलं, मेन पाडला, कुलूप लावलं आणि दादऱ्याला गेले. शेजारच्या शेठचा सर्व्हर चालूच होता, कारण त्यांना सुट्टीत गावाला बसून येणी बघायची होती. लाभपंचमीला त्यांचं शटर वर गेलं तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावाला भलतंच शेपूट लागलेलं होतं. पडद्याच्या मधोमध इंग्रजीत चिठ्ठी होती: फाइली परत हव्या असतील तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा. बॅकअप होता, पण सर्व्हरलाच कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवर. त्याच्याही फाइलींना तेच शेपूट.

अशी घटना सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवावी, असे केंद्र सरकारचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश आहेत, आणि ते कंपन्यांनाही लागू आहेत. शेठनी बाजारातली पत जाईल या भीतीने शेजाऱ्यालासुद्धा नीट सांगितलं नाही. दोन मुलींना रोजावर बसवून कागदी बिलं पहिल्यापासून टॅलीत भरून घ्यायला सुरुवात केली. ज्यांच्याकडून पैसे यायचे होते त्यांची स्मरणशक्ती त्याच आठवड्यात अचानक कमी झाली. ज्यांना द्यायचे होते त्यांची मात्र शाबूत होती.

दादांच्या सर्व्हरला ओरखडासुद्धा नव्हता. दादांनी पेढे आणवले, मुनीमजींना नवा सदरा दिला आणि फर्मान काढलं: यापुढे रोज रात्री मेन पाडायचा.

गोष्ट इथे संपली असती तर ती मेन स्विचची गोष्ट झाली असती. तुळशीच्या लग्नाला वहिनींची भाची आली. पुण्यात नेटवर्कचं काम करणारी, बोलायला फटकळ. तिने पेढ्यांची हकिगत ऐकून घेतली, एक पेढा खाल्लाही, आणि मग म्हणाली, "काका, सर्व्हर जरा बघू द्या."

तिने विंडोजची एक नोंदवही उघडली. कोणी आत यायचा प्रयत्न केला आणि पासवर्ड चुकला की तिथे ४६२५ क्रमांकाची नोंद पडते. पान खाली सरकवत गेली, सरकवत गेली, नोंदी संपेनात. दर नोंदीत एक नाव आजमावलेलं: ॲडमिन, ॲडमिनिस्ट्रेटर, टेस्ट, युजर, अकाउंट्स. दिवसरात्रीच्या सगळ्या वेळा होत्या. मेन पाडलेल्या रात्री तेवढ्या कोऱ्या.

"पण मसाटमध्ये आम्हाला ओळखतं कोण?" दादा म्हणाले. "आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय? नळ्या?"

हा प्रश्न सगळे लहान कारखानदार विचारतात आणि तो चुकीचा नाही, फक्त जुना आहे. २०१३मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं एक साधन तयार केलं. एका साध्या संगणकावरून, चांगल्या जोडणीवर, जगातल्या सगळ्या सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यांवर एखादा पोर्ट उघडा आहे का हे ते पाऊण तासात पाहून येत असे. असे पत्ते चारशे कोटींच्या घरात आहेत. तेव्हापासून कोणीही कोणाला शोधत हिंडत नाही; सगळ्यांचीच कडी हलवून बघतात आणि निघेल तिथे शिरतात. मसाट काय आणि मॅनहॅटन काय. आणि चोरायचं काही नसतंच. तुमचीच वस्तू तुम्हाला विकायची असते.

दादांनी वापीच्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, काही नाही शेठ, ३३८९ काढून दुसरा कुठलातरी नंबर टाकू. भाचीने फोन हातात घेतला. पोर्ट एकूण ६५,५३५ असतात, तेही मोजून काढायला यंत्राला कंटाळा येत नाही, एवढं सांगून तिने फोन परत केला.

"ते काही असो," दादा म्हणाले, "आपण वाचलो की नाही?"

तेव्हा तिने घानाची गोष्ट सांगितली. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्राम जगभर पसरला आणि मर्स्क ही जहाजकंपनी एका दिवसात आंधळी झाली. सिल्वासाचा माल ज्या न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातो तिथलं तिच्या समूहाचं टर्मिनलसुद्धा त्या दिवशी ठप्प झालं. कंपनीच्या जाळ्यात कोण माणूस कोण आहे, कोणाला कुठे शिरायची मुभा आहे, याची नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि एकमेकांची नक्कल करत होते. सगळे एकदम गेले. एक वाचला, घानामधला. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती. त्या एका यंत्रातली माहिती इंग्लंडला न्यायची, तर घानातल्या कोणाकडेच ब्रिटनचा व्हिसा नाही. मग घानाचा माणूस विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती लंडनला पोचली.

मुनीमजींचा चेहरा फुलला. "म्हणजे आपलं बरोबरच होतं."

"मुनीमजी, घानाच्या वीज कंपनीला त्याबद्दल कोणी बक्षीस दिल्याचं ऐकलेलं नाही," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी ते दुपारी तीनला आले तर? दुपारी मेन चालू असतो."

त्यावर केबिनमध्ये कोणी काही बोललं नाही. मग दादांनी विचारलं, करायचं काय ते सांग.

तिने जे केलं ते सांगायला सोपं आहे. राउटरमधली ती ओळ पुसली. भंगारात जायला निघालेला एक संगणक पुसून त्यावर लिनक्स चढवलं आणि वायरगार्ड सुरू केलं. २०२०पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच येतं, वेगळे पैसे पडत नाहीत. बाहेरच्या जगाला आता फक्त याच डब्याकडे यायला वाट होती, आणि वायरगार्डचा स्वभाव असा की ओळखीची चावी नसलेला कोणी आला तर ते नकारसुद्धा देत नाही. गप्प बसतं. हाक मारणाऱ्याला तिथे कोणी आहे हेच कळत नाही. ज्याच्याकडे चावी आहे त्याच्या यंत्रापासून कारखान्यापर्यंत एक बंद नळी तयार होते; मधल्या रस्त्यावर कोणी पाहत असलं तरी आत काय चाललंय ते त्याला वाचता येत नाही. नळ्यांच्या कारखान्यात हे समजावणं अवघड गेलं नाही.

अवघड गेलं ते पुढचं. ती म्हणाली, दर माणसाला वेगळी चावी, आणि दर यंत्राला वेगळी. दादांच्या चावीने फक्त टॅलीच्या यंत्रापर्यंत जाता येईल, बाकी कुठे नाही. तिथे साध्या वापरकर्त्याचं नाव, ॲडमिनचं नाही. पासवर्ड लांब, काही वेळा चुकला की खातं बंद. वर फोनमधल्या अ‍ॅपचा सहा आकडी अंक दर वेळी. ॲडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत. तो वापरायचा तर केबिनमध्ये येऊन, त्या खुर्चीत बसून.

"मुनीमजींना चावी?"

"मला नको," मुनीमजी म्हणाले. "घरी मला टीव्ही बघायचा असतो."

दादांचा पारा मात्र चढला होता. "बाकीच्यांना कर काय करायचं ते. मला पूर्ण परवानगी पाहिजे. सर्व्हर माझा. लॅपटॉप माझा. माझ्या लॅपटॉपवरून माझ्या सर्व्हरवर जायला मी सहा आकडे कोणाला दाखवायचे?"

भाची काहीतरी तांत्रिक सांगायला लागली, पण मुनीमजींनी हात वर केला.

"दादा, दमण कोणाचं होतं?"

"कधी?"

"चौपन्न साली."

"पोर्तुगीजांचं."

"आणि सिल्वासा?"

"पोर्तुगीजांचंच."

"आणि मधला रस्ता?"

मुनीमजींचा जन्म १९६०चा, आणि ते हे वर्ष सांगताना नेहमी जोडतात की त्याच वर्षी हेगचा निकाल लागला. त्यांच्या वडिलांनी ती गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली होती की ती त्यांना पाढ्यासारखी पाठ होती. मराठी माणसाला दादरा-नगर हवेलीचा मुक्तिसंग्राम म्हटलं की सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या लढ्याचा निम्मा निकाल रस्त्याने लावला होता. दमण समुद्राकाठी आणि हे मुलूख आत, मधे भारताची जमीन. जुलै १९५४मध्ये भारताने पोर्तुगीजांना त्या जमिनीवरून जाऊ देणं थांबवलं. २१ जुलैच्या रात्री दादरा सुटलं, २ ऑगस्टला सिल्वासा, आणि दमणहून कुमक येऊ शकली नाही. डिसेंबर १९५५मध्ये पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. दोन्ही टोकं आमची, मग येण्याजाण्याचा हक्क आमचा. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. या खटल्यापुरते भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे छगला बसले.

"१२ एप्रिल १९६०," मुनीमजी म्हणाले. "कोर्टाने काय सांगितलं? वाट अजिबात नाही असं नाही सांगितलं. सांगितलं, खाजगी माणसं जाऊ शकतात, मुलकी अधिकारी जाऊ शकतात, माल जाऊ शकतो. तेही जमीन ज्याची त्याच्या देखरेखीखाली. फौज जाणार नाही, हत्यारी पोलीस जाणार नाहीत, हत्यारं आणि दारूगोळा जाणार नाही. आणि भारताने चौपन्न साली वाट अडवली त्यात गैर काही नाही."

"मी काय हत्यार घेऊन जातोय?"

"ॲडमिनचा पासवर्ड," भाची म्हणाली.

दादांना हसू आलं आणि ते हसले म्हणूनच हरले. नाशिकचं हॉस्पिटलचं वायफाय, मधली टेलिफोन कंपनी, कुठकुठली यंत्रं: यातलं काहीही त्यांच्या मालकीचं नव्हतं. लॅपटॉपसुद्धा पुरता नव्हता. त्यावर रविवारी पुतण्या गेम खेळायचा. भाचीने हे एकेक करून विचारून घेतलं. खरं सांगायचं तर मुनीमजींच्या हेगपेक्षा पुतण्याच्या गेमने जास्त काम केलं, पण मुनीमजींना तसं कोणी सांगितलं नाही.

भीती ताजी असली की माणूस कडक नियम करतो. दादांनी एक रजिस्टर मागवलं आणि स्वतःच्या हाताने पहिल्या पानावर लिहिलं: चावी फोनवर, ईमेलवर, व्हॉट्सॲपवर कोणालाही मिळणार नाही. समक्ष येऊन, यंत्र दाखवून, सही करून घ्यावी. खाली लिहिलं: मालकासह. त्याखाली दोन रेघा मारल्या. भाचीने एक जादा चावी कागदावर छापून दिली, फोनने टिपता येईल असा काळा-पांढरा चौकोन, सोबत सहा आकडी अंकाऐवजी एकदाच चालतील असे संकेत. ते पाकिटात घालून पाकिटावर मुनीमजींची आडवी सही झाली आणि पाकीट तिजोरीत गेलं.

बॅकअपचा भाग लवकर उरकेल असं वाटलं होतं. उरकला नाही. वापीच्या पोराने लावून दिलेला बॅकअप भाचीने दुसऱ्या संगणकावर उघडून बघायला घेतला तर आत टॅलीचा डेटाच नव्हता. जागा बदलली होती, बॅकअप जुन्या रिकाम्या फोल्डरचा चालू होता. रोज रात्री, न चुकता, यशस्वी असा संदेश देत. म्हणजे दिवाळीत मेन चालू असता तर दादांकडे कागदी बिलंच उरली असती, आणि तीही मुनीमजींच्या कपाटात होती म्हणून. आता दोन डिस्क आणल्या. एक आठवडाभर कारखान्यात, नक्कल झाली की लगेच काढून ठेवलेली. दुसरी मुनीमजींच्या घरी दादऱ्याला. शनिवारी अदलाबदल. महिन्यातून एकदा नक्कल उघडून एखादं जुनं बिल काढून बघायचं, निघतं का. पहिल्याच शनिवारी हवालदाराने डिकीतला तो काळा ठोकळा पाहून विचारलं, हे काय? "तीन वर्षांचा हिशोब," मुनीमजी म्हणाले. हवालदाराने घाईघाईने जा म्हटलं.

मेन स्विचवर चिकटपट्टी लागली. सर्व्हर रात्रंदिवस चालू राहिला. ४६२५च्या नोंदी थांबल्या. दादांना सहा आकड्यांचीही सवय झाली, कुरकुर मात्र राहिली.

पुढच्या पावसाळ्यात नाशिकच्या हॉस्पिटलमध्ये दादांची बॅग चोरीला गेली. लॅपटॉप आणि फोन दोन्ही त्यातच. इकडे मसाटला त्या रात्री गाडी भरायला लागली होती, सुरतेच्या नव्या पार्टीचा पहिलाच माल. दर टॅलीत टाकायचा अधिकार दादांचा एकट्याचा. दर पडल्याशिवाय बिल नाही, बिल नाही तर ई-वे बिल नाही. नऊच्या सुमारास मुनीमजींचा फोन वाजला. अनोळखी नंबर, आवाज दादांचा.

"मुनीमजी, बॅग गेली. मेव्हण्याच्या फोनवरून बोलतोय. तिजोरीतलं पाकीट फोडा आणि तो चौकोन फोटो काढून या नंबरवर पाठवा. त्याचाच लॅपटॉप घेतलाय. लगेच."

"दादा, आधी जुनी चावी रद्द करतो," मुनीमजी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला, पुण्याला भाचीला लावला, आणि तिने सांगितलं तसं वायरगार्डच्या डब्यासमोर बसून एक ओळ शोधली. "बेटा, शेवटी बरोबरचं चिन्ह आहे तीच ना?" ती म्हणाली, सगळ्यांच्याच शेवटी आहे, वर नाव बघा. नाव बघितलं, ओळ पुसली, डबा पुन्हा सुरू केला. चोरलेल्या लॅपटॉपला आता कारखाना सापडणार नव्हता.

मग पाकीट राहिलं. दादांचे तीन फोन येऊन गेले. पहिल्यात विनंती होती. दुसऱ्यात त्यांनी आईचं नाव, कारखान्याच्या भूमिपूजनाची तारीख, मुनीमजींचा पगार, सगळं घडाघडा सांगितलं. तिसऱ्यात ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुनीमजींनी दर वेळी एकच उत्तर दिलं: रजिस्टरमध्ये लिहिलंय. ड्रायव्हर केबिनच्या पायरीवर पत्ते मांडून बसला. गाडी रात्रभर उभी राहिली. सुरतेच्या पार्टीने सकाळी फोन करून जे सुनावलं तेही मुनीमजींनीच ऐकलं.

दादा साडेनवाला उतरले. डोळे तांबारलेले. बूट न काढता केबिनमध्ये आले.

"माझा आवाज ओळखू आला नाही तुम्हाला?"

"आला. वहिनींनाही फोन केला होता मी, त्यांनी बॅगेचं सांगितलं. तुमच्याबद्दल शंका नव्हती."

"मग?"

"लॅपटॉप मेव्हण्यांचा होता. त्यात काय काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

दादांनी उत्तर दिलं नाही. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, नवा दर टॅलीत टाकला. बिल निघालं, ई-वे बिल निघालं, गाडी गेटबाहेर पडली. मुनीमजींनी रजिस्टर पुढे सरकवलं. जुनी चावी रद्द, इथे सही. नवा लॅपटॉप आल्यावर नवी चावी, तेव्हा तिथे. दादांनी सही केली, पहिल्या पानावरचं स्वतःचंच अक्षर एकदा वाचलं आणि रजिस्टर मिटलं.

"हॉल्टिंगचे पैसे द्यावे लागले असतील."

"दिले."

"कुठल्या खात्यात टाकलेत?"

"वॉचमनच्या पगाराखाली एक ओळ आहे, पहारा खर्च. त्यात."

दादांनी पडदा स्वतःकडे वळवला, नोंद शोधली, आकडा पाहिला.

"पावती घेतलीत का?"

"ट्रान्सपोर्टवाला उद्या देतो म्हणालाय," मुनीमजी म्हणाले. "समक्ष येऊन."